डिस्क बिघडली की ओटा भरला?



या अंकाची जुळवाजुळव करताना आमची चांगलीच फजिती झाली. अंकाची फाइल, ढीगभर छायाचित्रे आणि ब्राउझर, सारे एकदम उघडे होते. ‘सेव्ह’ केले आणि बाहेरून जोडलेली डिस्कच दिसेनाशी झाली! तुम्हा सगळ्यांचे निबंध तिच्यातच होते. ‘डिस्क गेली, फॉरमॅट करा,’ असे एकाने सुचवले. आम्ही ऐकले नाही, म्हणून निबंध वाचले.

झाले काय होते? दिवाळीच्या फराळाचा ओटा आठवा. ओटा म्हणजे संगणकाची मेमरी आणि फडताळ म्हणजे डिस्क. ओटा भरला की लाडू डब्यात भरून फडताळात ठेवायचे. पण डबा टेकवायलाही ओट्यावर थोडी जागा हवी! ती नसेल तर लाडू हलत नाहीत आणि ओटाही रिकामा होत नाही.

संगणकाचेही तसेच. मेमरी कमी पडली की तिच्यातली काही माहिती डिस्कवर हलवली जाते. डिस्कशी बोलण्याचे काम ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम करतो आणि त्यालाही थोडी मेमरी लागते. ती मिळाली नाही तर सारेच अडते. म्हणून शहाणी आई ओट्याचा एक कोपरा मोकळा ठेवते. इंगो मोलनार यांनी २००१ मध्ये लिनक्ससाठी सुरू केलेला ‘मेमपूल’ अशीच राखीव जागा ठेवतो.

असे झाले तर काय करावे?

१. घाईने केबल उपटू नका. आधी नको असलेले प्रोग्रॅम बंद करा आणि थोडे थांबा.

२. संगणक नीट बंद करून पुन्हा सुरू करा. डिस्क दिसली की पहिले काम, सगळ्याची दुसरीकडे प्रत!

३. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ हा आकडा पाहा. ही मेमरी डिस्कवर हलवता येत नाही. आकडा दिवसेंदिवस वाढतच असेल, तर बहुधा एखादा ड्रायव्हर घेतलेली जागा परत करत नाही. ड्रायव्हरच्या नव्या आवृत्त्या घालून पाहा.

४. मेमरी मोकळी असूनही डिस्क अडते? मग मात्र केबल आणि डिस्क तपासा.

बालमित्रांनो, गृहपाठ! घरच्या संगणकावरचा तो आकडा आठवडाभर रोज मराठी अंकांत लिहा आणि पुढच्या वर्गाला घेऊन या.