वाढीव मोबदला आणि मध्यस्थाचा वाटा

मराठवाड्यातील शेतकऱ्यास भूसंपादन ही गोष्ट नवी नाही. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली झाली व धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्या जलाशयाखाली गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याचे दावे पुढे कित्येक वर्षे चालले. त्यानंतर शेंद्रा व बिडकीन येथील औद्योगिक वसाहती आल्या, समृद्धी महामार्ग आला, रस्त्यांचे रुंदीकरण आले. जमीन जाते त्या दिवशी सरकारी कारकून दारी येतो. परंतु मोबदला वाढण्याची वार्ता कानी आली की त्याच दारी दुसराच एक गृहस्थ येतो. तो म्हणतो, “तुम्ही काही करू नका. कचेरीचे सर्व आम्ही पाहतो. पैसे मिळाले तरच आमची टक्केवारी.” या टक्केवारीविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गेल्या हंगामात पैठण तालुक्यातील एक वयस्क शेतकरी एक मुद्रांकित कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांची तीन एकर जमीन संपादनात गेली होती. मूळ निवाड्याविरुद्ध त्यांनी स्वतः अर्ज केला नव्हता. शेजाऱ्याने मात्र केला व प्राधिकरणाने त्याचा दर वाढवून दिला. त्याच अधिसूचनेतील जमीन असल्याने यांनाही तो दर मागण्याचा हक्क पोहोचला. मध्यस्थाने अर्ज लिहून दिला, शेजाऱ्याच्या निकालाची नक्कल जोडली, दोन वेळा कचेरीत हेलपाटा घातला. वाढीव रक्कम सुमारे अठरा लाख मंजूर होताच कराराप्रमाणे तीस टक्के, म्हणजे पाच लाख चाळीस हजार रुपये, यांची मागणी आली. सोबत कोऱ्या सही केलेल्या एका धनादेशाचीही आठवण देण्यात आली. “दादा, एवढ्या पैशांत विहीर बांधून वर मोटार बसली असती,” असे ते गृहस्थ म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, लाज होती. लाज मात्र त्यांनी बाळगण्याचे काही कारण नव्हते.

प्रथम हे पाहू की त्या कामाचे मूळ स्वरूप काय होते. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात असलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ७३ अन्वये, एका खातेदारास प्राधिकरणाने वाढीव मोबदला दिला, तर त्याच अधिसूचनेतील ज्या खातेदारांनी पूर्वी अर्ज केला नाही, त्यांनीही त्या निवाड्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज केल्यास फेरनिर्णय मागता येतो. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस या मुदतीतून वगळले जातात. जुन्या १८९४ च्या कायद्यात हीच सोय १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ म्हणून आली होती. अर्थात हा लेखी अर्जाचा विषय आहे. वर्षानुवर्षे लढवावयाच्या खटल्याचा नव्हे. ज्या कामास चार कागद, एक नक्कल व मुदतीचे भान लागते, त्यास अठरा लाखांतील तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास जाणारा मेहनताना कोणत्या हिशेबाने योग्य ठरतो?

येथे एक सावधगिरीची सूचना. राष्ट्रीय महामार्गाकरिता त्या महामार्गांच्या स्वतंत्र कायद्याने जमीन गेली असल्यास मोबदल्याचा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जातो. तेथील रीत निराळी. म्हणून आपली अधिसूचना कोणत्या कायद्याखालची, हे प्रथम वाचून घ्यावे.

आता कायदा या टक्केवारीकडे कसा पाहतो ते पाहू. मागणी करणारा वकील आहे की नाही, हा पहिला प्रश्न होय. वकील असेल तर उत्तर सरळ आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरविणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे वकिलास मना आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाने पक्षकाराशी वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार केल्याबद्दल तो व्यावसायिक गैरवर्तन ठरविला. २०१७ साली बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणी, मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईत टक्केवारीने फी मागणाऱ्या व पक्षकाराकडून धनादेश घेणाऱ्या वकिलाचा धनादेशाचा खटलाच न्यायालयाने रद्द केला. तसेच फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा वकिलास हक्क नाही, असे २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ठरले आहे. कागद अडविणे हेच पुष्कळांचे मुख्य शस्त्र असते, म्हणून हा निर्णय ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मध्यस्थ वकील नसेल तर गोष्ट किंचित निराळी होते. विलायतेतील जुना कायदा असा होता की परक्याच्या दाव्यास पैसा पुरवून त्यात वाटा घेणे मुळातच बेकायदा. तो कायदा हिंदुस्थानास लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ साली ठरविले. मात्र त्याच निर्णयात असेही सांगितले की असा करार पिळवणुकीचा, अन्याय्य अथवा सार्वजनिक हिताविरुद्ध असेल तर न्यायालय तो मान्य करणार नाही. म्हणजे ज्याने खरोखर पदरचा पैसा घालून चार-पाच वर्षे दावा चालविला, त्याचा वाजवी मोबदला बुडविणे हेही न्यायाचे नव्हे. परंतु श्रम व खर्च यांशी काहीच मेळ नसलेली टक्केवारी न्यायालयापुढे टिकेलच असे नाही. दुसऱ्यासाठी केलेल्या कामाचा योग्य मोबदला, हीच त्याची मर्यादा.

इंग्लंडातही याच दुखण्यावर उपाय करावा लागला. तेथे बँका व विमा कंपन्यांविरुद्ध नुकसानभरपाई मिळवून देणाऱ्या कंपन्या पुष्कळ वाढल्या. १ मार्च २०२२ पासून तेथील नियामकाने त्यांच्या फीवर मर्यादा घातली. लहान रकमेवर जास्तीत जास्त तीस टक्के आणि पन्नास हजार पौंडांहून मोठ्या रकमेवर पंधरा टक्के, तीही दहा हजार पौंडांच्या आत. रक्कम मोठी झाली म्हणून काम त्या प्रमाणात मोठे होत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. आपल्याकडे भूमोबदल्याच्या मध्यस्थांस अशी मर्यादा नाही. म्हणून सावध राहण्याचे काम शेतकऱ्याकडेच येते.

फीचा वाद उद्भवल्यास पुढील क्रमाने वागावे.

पहिली गोष्ट, तोंडी वाद न घालता लेखी हिशेब मागावा: कोणते काम, कोणत्या तारखेस, कोणता खर्च, कोणती पावती. पत्र नोंदणीकृत डाकेने पाठवून पोहोच जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट, कुलमुखत्यारपत्र दिले असल्यास ते लेखी नोटीस देऊन रद्द करावे व त्याची प्रत भूसंपादन कचेरीस द्यावी. मात्र करारात मध्यस्थाचा त्या जमिनीत वा रकमेत हितसंबंध आहे असे लिहून घेतले असल्यास तो त्याच्या आधारे रद्द करण्यास हरकत घेऊ शकतो. अशा वेळी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

तिसरी गोष्ट, मोबदला खातेदाराच्या बँक खात्यातच जमा करावा, असे २०१३ च्या कायद्याचे कलम ७७ सांगते. तेव्हा खाते आपले, पासबुक आपल्या कपाटात व सही केलेला कोरा धनादेश कोणाच्याही हाती नाही, हा नियम पाळावा. धनादेश न वटल्याची नोटीस आली तर पंधरा दिवसांची मुदत असते; ती उत्तराविना जाऊ देऊ नये.

चौथी गोष्ट, मागणी वकिलाची असेल तर वकील अधिनियम १९६१ च्या कलम ३५ अन्वये महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे तक्रार करावी. ग्राहक आयोगाकडे जाऊन उपयोग नाही, कारण वकिलांची सेवा त्या कायद्यात येत नाही, असे १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. वकील नसलेल्या मध्यस्थाविरुद्ध मात्र जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते.

पाचवी गोष्ट, न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्यास संकोचू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांस मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे त्यांसही मिळतो.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे वाद उद्भवूच न देणे. मूळ मोबदला घेताना ‘निषेध नोंदवून स्वीकारला’ असे लिहिल्याशिवाय सही करू नये. ते न लिहिल्यास कलम ६४ खालील स्वतःचा संदर्भ अर्ज करण्याचा हक्क जातो. निवाडा आपल्या समोर झाला असल्यास त्या अर्जास सहा आठवड्यांची मुदत असते. एकाच अधिसूचनेतील दहा-वीस खातेदारांनी एकत्र येऊन एक वकील ठराविक फीवर नेमावा, फीचा आकडा रुपयांत लिहून घ्यावा, टक्क्यांत नव्हे. आणि पावती घ्यावी. एकट्याला जे जड जाते ते गावाला जड जात नाही.

त्या पैठणच्या गृहस्थांचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्यांनी हिशेब मागितला. तो आला तेव्हा खर्चाच्या पावत्या सारख्या हजारांच्याही वर गेल्या नाहीत. गावातील दोन पंच बसले, अर्ज लिहिण्याची व हेलपाट्यांची मजुरी ठरली, धनादेश परत आला व उरलेली रक्कम खात्यातच राहिली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात; परंतु आपल्याच हक्काचा कागद स्वतः वाचण्याची पायरी मात्र शहाण्याने अवश्य चढावी. जमीन एकदा गेली की परत येत नाही. तिच्या बदल्यात आलेला पैसा हीच तिची शेवटची आठवण असते. तिचा वाटेकरी कोण हे खातेदारानेच ठरवावे.