बदकाने लावलेली बाग

एप्रिल १९४३च्या 'वॉल्ट डिस्नीज कॉमिक्स अँड स्टोरीज'मध्ये डोनाल्ड डक परसात बी पेरतो आणि कावळे ते फस्त करतात. गोष्ट एवढीच, दहा पानांची. पण तिचं नाव 'द व्हिक्टरी गार्डन'. डबाबंद माल सैन्याला पुरावा म्हणून परसात भाजी पिकवा, असा धोशा तेव्हा अमेरिकी सरकारने लावला होता. गोष्टीतलं युद्ध एवढंच. हिटलर नाही, तोफा नाहीत. सरकारी आवाहन अंगावर घेतलेला एक तापट गृहस्थ आहे आणि त्याला न जुमानणारे पक्षी.

कार्ल बार्क्सने केलेली ही पहिली दहा पानी डोनाल्ड-कथा. संहिता प्रकाशकाकडून आली होती. त्याने ती इतकी दुरुस्त केली की पुढच्या कथा लिहायचं कामही त्याच्याकडेच आलं. १९०१ साली ओरेगॉनमध्ये जन्मलेला हा माणूस नाना कष्टाची कामं करून १९३५मध्ये डिस्नी स्टुडिओत शिरला होता. पर्ल हार्बरनंतर स्टुडिओत सैन्य येऊन बसलं आणि कामाचा मोठा भाग प्रशिक्षणपट नि प्रचारपटांकडे वळला. बार्क्सला त्यात रस नव्हता. शिवाय तिथल्या वातानुकूलनाने त्याचं सायनस उठायचं. नोव्हेंबर १९४२मध्ये नोकरी सोडून तो सॅन जॅसिंटोला कोंबड्या पाळायला गेला. (बदकांनी आधीच पोट भरलं असतं, पण ते त्याला तेव्हा कुठे ठाऊक!) जोडीला कॉमिक्सचं काम मिळावं म्हणून त्याने 'वेस्टर्न' या प्रकाशनसंस्थेला पत्र घातलं. युद्धकामाला कंटाळून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातून त्या काळातली सर्वांत टिकाऊ प्राणिकॉमिक्स झाली. या कॉमिक्सना 'युद्धापासूनची पळवाट' म्हणून निकालात काढलं जातं, ते मला पटत नाही. ती युद्धाच्या अडचणींतूनच घडली.

माणसांचंच पाहा. लॉस एंजेलिसमधले अ‍ॅनिमेटर दिवसा स्टुडिओत काम करत आणि रात्री घरी कॉमिक्स काढत. जिम डेव्हिस नावाचा अ‍ॅनिमेटर त्यांच्याकडून पानं करून घेऊन बेन सँगोरच्या कॉमिक्सच्या धंद्याला पुरवी. १९४३मध्ये निघालेली 'गिगल' आणि 'हा हा' ही मासिकं यातलीच. ही मंडळी पडद्यासाठी तयार झालेली. पात्राची बाह्यरेषा पाहताच ते रागावलंय की घाबरलंय, हे कळलं पाहिजे, ही त्यांची शिस्त. म्हणून स्वस्त कागदावर रंग सरकले तरी विनोद सरकत नाही. बार्क्सच्या पानावर बहुधा आठ चौकटी असत, दोन-दोनच्या चार रांगा. सातवीत डोनाल्ड खूश दिसला की वाचक आठवीकडे जरा धसकूनच बघतो.

नकलांना तर ऊत आला होता. सुपरमॅन १९३८चा, १९४२च्या अखेरीस 'फॉसेट्स फनी अ‍ॅनिमल्स'मध्ये कॅप्टन मार्व्हल या दुसऱ्या महावीराचा ससा-अवतार हॉपी उडू लागला. उंदरांचा किस्सा त्याहून मजेदार. टेरीटून्स या कार्टून स्टुडिओत इझी क्लाइनने आधी महाबली माशी सुचवली होती, पॉल टेरीने तिचा उंदीर केला. ऑक्टोबर १९४२मध्ये हा 'सुपर माउस' पडद्यावर आला. त्याच महिन्याची तारीख छापलेल्या 'कू कू कॉमिक्स'मध्येही एक 'सुपरमाउस' हजर! शेवटी टेरीच्या उंदराचं बारसं पुन्हा झालं, तोच मायटी माउस.

यातला पुष्कळ माल सुमार होता, हे सांगायला हवं. त्या काळच्या कॉमिक्समध्ये पुढे आलेल्या दातांचे, जाड चष्म्यांचे जपानी सर्रास दिसतात, आणि तो विनोद आज वाचवत नाही.

कागदावर नियंत्रण आलं तसे अंक बारीक झाले. मुखपृष्ठांसह ६८ पानांचा अंक ५२वर आला, किंमत मात्र दहा सेंटच. त्यात मुलं रद्दी गोळा करून युद्धकार्याला देत होती आणि त्या ढिगांत कॉमिक्सही जात. त्या वर्षांचे धड अंक आज दुर्मीळ आहेत, याचं हे एक कारण.

तरी प्राणी वाढतच गेले. 'लीडिंग कॉमिक्स'मध्ये ग्रीन अ‍ॅरोसह सात वीरांचं पथक असायचं. १९४५मध्ये त्या वीरांना काढून नियतकालिक प्राण्यांच्या हवाली केलं गेलं. खलनायक हरत आले की वीरांची किंमत उतरते. कावळ्यांना हरवणं मात्र कोणत्याही वर्षी अवघडच.

वॉल्ट केली या व्यंगचित्रकाराचा पोगो नावाचा प्राणीही याच धांदलीतला. 'अ‍ॅनिमल कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, १९४२च्या अखेरीस, दलदलीतल्या अल्बर्ट मगरीच्या गोष्टीत तो अगदी दुय्यम होता. केली तेव्हा सैन्याच्या भाषाविभागासाठीही चित्रं काढायचा. १९४८मध्ये पोगो वृत्तपत्रात गेला आणि राजकारण्यांची टर उडवू लागला.

बार्क्सचं नाव मात्र अंकात कुठेच नसे. सही एकच, वॉल्ट डिस्नीची. वाचकांनी रेषेवरूनच त्याला हेरून 'चांगला बदकवाला' असं नाव पाडलं होतं. खरं नाव शोधून काढणाऱ्या चाहत्यांची पत्रं त्याच्याकडे पोचली १९६० साली. तोवर अंकल स्क्रूज या पात्राला जन्माला घालून त्याला तेरा वर्षं होत आली होती, आणि सहा वर्षांनी तो निवृत्त झाला.