पेटीतली पैठणी आणि पीएच.डी.

कापडात कसली आली डॉक्टरकी, असा प्रश्न आपल्या जुन्या घरांतून अजून कानी पडतो. मुलीने रसायनशास्त्रात पीएच.डी. करावी हे पटते. वस्त्रकलेत करते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शिवणाचा वर्ग उभा राहतो. बडोदेकरांनी तरी असे म्हणू नये. १८९० साली सयाजीराव महाराजांनी प्रा. गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपविले, तेव्हा रंगाईचे रसायन हा तेथील शिक्षणाचा महत्त्वाचा भाग होता. आज महाराजांच्याच नावाच्या विद्यापीठात वस्त्र आणि परिधान या विषयात पीएच.डी.पर्यंत शिकता येते.

नियम इतर विषयांसारखेच. २०२२च्या नियमावलीप्रमाणे कमीत कमी तीन वर्षे, एरवी जास्तीत जास्त सहा. आधी संशोधनपद्धतीचा अभ्यास, मग प्रबंध, शेवटी तोंडी परीक्षा. खरी कसोटी निराळीच आहे.

पैठणीचेच पाहा. जुन्या पद्धतीत अंगाचा धोटा एक आणि दोन काठांचे दोन, असे तीन धोटे चालत. अंगाचा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवीत विणकर पुढे सरके. पदरावरचा मोर किंवा वेल रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवून विणायची, म्हणून नक्षी उलटसुलट सारखीच दिसते. संशोधक इंचातले धागे मोजते, जरीतली चांदी यंत्राने तपासते, रंगाचे पृथक्करण करते. पर्किनने १८५६ साली जांभळा कृत्रिम रंग काढला. पुढे असे रंग बाजारात आले. तसा रंग सापडला, की पेशवाईतल्या पणजीचे लुगडे ही घरची कथा मागे घ्यावी लागते! वनस्पतींचा रंग सापडला म्हणून मात्र ते जुनेच, असेही ठरत नाही.

आमच्या घरात दरबारी गाणे. त्यामुळे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली आणि स्वरलिपी रूढ केली. लिपीत स्वर उतरला, मींड गुरूपाशीच राहिली. आलेखाच्या कागदावर उतरविलेल्या पदराचेही तसेच. म्हणून विद्यार्थिनीने मागापाशी बसावे, आणि प्रबंधात विणकराचे नाव त्याच्या संमतीने, मानाने लिहावे. कित्येक प्रबंधांत तो नुसता ‘माहितगार’ असतो. हे आम्हांला खटकते.

पण माग पाहून आजचे काम कळते. कालचे कळायला जुनी वस्त्रे लागतात, आणि ती आपल्या पेट्यांत आहेत. विरलेला शालू जरीवाल्याला दिला की तो जाळून चांदी काढतो. चार पैसे मिळतात, पुरावा जातो. त्याआधी कुणा अभ्यासक मुलीला पेटी उघडून दाखवावी. ती लुगडे नेत नाही. मापे घेते, छायाचित्र घेते, फार तर सुटलेल्या धाग्याचा तुकडा मागते. लुगडे कुणाचे, कोणत्या लग्नातले, कोठून आणलेले, हे घरातल्या आजीबाईंना विचारून तारखेसह चिठ्ठीवर लिहून ठेवलेत, तर तिचे निम्मे काम होते. प्रयोगशाळेला ते सांगता येत नाही, आणि आजीबाई काही कायमच्या नाहीत.