साठीनंतरचे विद्यार्थीपण : दूरशिक्षण आणि व्यवस्थापनाची मूलतत्त्वे



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी १९६० च्या दशकात बसलो आहे. त्यामुळे शाळेचे निमंत्रण आले तेव्हा नकाराचा प्रश्नच नव्हता. मात्र मी विषय कळवल्यावर संयोजकांनी पुन्हा एकदा दूरध्वनी केला. संतवाङ्मय, बखरी किंवा बडोद्याची मराठी साहित्यपरंपरा यांपैकी काहीतरी त्यांना अपेक्षित असावे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला व्यवस्थापनाचा विषय कोठून सुचला, ही त्यांची शंका रास्त होती. तिचे उत्तर माझ्या एका चुकीत दडलेले आहे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

एका कपाटाची गोष्ट

निवृत्तीनंतर २०११ साली एका संस्थेच्या ग्रंथसंग्रहालयाचा मानद चिटणीस म्हणून माझी निवड झाली. संग्रहालयातील मागच्या भिंतीलगतच्या एका कपाटात श्रीसयाजी साहित्यमालेतील जुने ग्रंथ आणि काही नियतकालिकांचे बांधीव खंड होते. २०१२ च्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली. ग्रंथपालांनी ग्रंथ समितीला पत्र लिहिले. ग्रंथ समितीने ते इमारत समितीकडे पाठवले. इमारत समितीने खर्चाच्या मंजुरीसाठी कोषाध्यक्षांकडे धाडले, आणि कोषाध्यक्ष त्या वेळी मुलाकडे परदेशी गेलेले. हे प्रत्येक पत्र चिटणीस या नात्याने माझ्या हातून गेले. प्रत्येकावर मी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा सुवाच्य शेरा मारला.

दिवाळीनंतर कपाट उघडले तेव्हा वाळवीने ४१ पुस्तकांची माती केली होती. त्यांतील काहींची दुसरी प्रत आम्हांला आजतागायत मिळालेली नाही. मी हताश होऊन उभा होतो. संग्रहालयाचा शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, कोणी नुसतं सांगितलं असतं, तर एका दुपारीत सगळी पुस्तकं वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली असती."

या प्रकरणात कोणीही कामचुकारपणा केला नव्हता, कोणाची नियत वाईट नव्हती, आणि तरीही ग्रंथ गेले. चाळीस वर्षे शब्दांचे अर्थ शिकवणाऱ्या मला 'जबाबदारी' या शब्दाचा अर्थ कळलेला नव्हता. पुढच्याच वर्षी, वयाच्या ६३ व्या वर्षी, मी एका मुक्त विद्यापीठाच्या व्यवस्थापनविषयक अभ्यासक्रमाला नाव नोंदवले.

टपालातून आलेली शाळा

दूरशिक्षण ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमध्ये १८४० साली स्वस्त टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखनाचे धडे देण्यास प्रारंभ केला. आपल्या बडोद्यापुरते बोलायचे तर सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ उभी केली. तिच्यातील फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात. विद्यार्थ्याने विद्येकडे जावे हा रूढ क्रम त्या पेट्यांनी उलटवला आणि विद्याच वाचकाच्या दाराशी नेली. दूरशिक्षणाचे मर्म हेच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९६९ साली ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत निघाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आणि गुजरातचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९८७ साली अध्यापनाचा श्रीगणेशा केला तो केवळ दोन अभ्यासक्रमांनी आणि ४,५२८ विद्यार्थ्यांनी. त्या दोहोंपैकी एक दूरशिक्षणाचा होता, तर दुसरा व्यवस्थापनाचा. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. व्यवस्थापन शिकण्याची खरी निकड नोकरी करणाऱ्याला असते, आणि नोकरी सोडून वर्गात येणे त्यालाच परवडत नाही.

ओट्टो पीटर्स या जर्मन अभ्यासकाने १९६७ साली दूरशिक्षणाला अध्यापनाचे औद्योगिक रूप म्हटले. वर्गात एकच शिक्षक पाठ रचतो, शिकवतो, शंका फेडतो आणि परीक्षाही घेतो. दूरशिक्षणात पाठ एक लिहितो, दुसरा संपादतो, तिसरा मार्गदर्शन करतो, चौथा उत्तरे तपासतो. म्हणजे ज्या कार्यविभागणीचा धडा मी वाचत होतो, ती माझ्या हातातल्या पुस्तिकेतच साकार झालेली होती.

समासातला शिक्षक

या पुस्तिकांची रचना आपल्या पाठ्यपुस्तकांहून वेगळी असते. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे सांगितलेली असतात. चार पाने झाली की एक छोटा प्रश्न आणि उत्तरासाठी कोरी जागा येते. शेवटी आपले उत्तर ताडून पाहण्याची सोय असते. बोर्ये होल्मबर्ग या स्वीडिश शिक्षणतज्ज्ञाच्या मते दूरशिक्षणाचा चांगला पाठ म्हणजे विद्यार्थ्याशी चाललेला मार्गदर्शक संवाद होय. सुरुवातीला मी त्या कोऱ्या जागा विद्वत्तेच्या तोऱ्यात सोडून देत असे. स्वाध्याय लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की वाचलेले समजले होते, पण वापरता येत नव्हते.

पहिल्या स्वाध्यायात एका कारखान्यातील पेचप्रसंग देऊन उपाय विचारला होता. मी अकरा पाने लिहिली. तपासनिसांनी समासात लिहिलेल्या इंग्रजी शेऱ्याचा आशय असा होता : 'उत्तर वाचनीय आहे, परंतु निर्णय कोणी घ्यायचा, हे अकरा पानांत कोठेही आलेले नाही.' ज्या गृहस्थांना मी कधी पाहिले नाही, त्यांनी माझा दोष एका ओळीत दाखवला. ते कपाट मला पुन्हा डोळ्यांसमोर दिसले.

फायोलचा घोडा

व्यवस्थापनाची मूलतत्त्वे म्हटली की पहिले नाव आँरी फायोल यांचे येते. जन्म १८४१, मृत्यू १९२५. खाणकामाचे हे फ्रेंच अभियंते १८६० साली एका कोळसा कंपनीत लागले. १८८८ साली कंपनी बुडण्याच्या बेतात असता तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांनी ती सावरली आणि १९१८ पर्यंत चालवली. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी आपला अनुभव सूत्रबद्ध केला. त्यांच्याच काळातील अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी कामगाराच्या फावड्यापासून आरंभ केला होता; फायोल यांनी संचालकाच्या मेजापासून केला.

त्यांच्या तरुणपणीचा एक प्रसंग फार बोलका आहे. १८६१ साली खाणीत एका घोड्याचा पाय मोडला. फायोल यांनी दुसऱ्या घोड्यासाठी चिठ्ठी दिली. तबेल्याच्या माणसाने ती नाकारली, कारण तिच्यावर संचालकांची सही नव्हती. संचालक बाहेरगावी होते आणि त्यांच्या जागी कोणाची नेमणूक केलेली नव्हती. काम ठप्प झाले. अधिकाराची जागा क्षणभरही रिकामी राहता कामा नये, हा बोध त्यांनी टिपून ठेवला. तो घोडा आणि आमचे परदेशी गेलेले कोषाध्यक्ष यांत मला तरी फरक दिसला नाही.

फायोल यांनी व्यवस्थापनाची पाच कार्ये सांगितली : पूर्वनियोजन, संघटन, आज्ञापन, समन्वय आणि नियंत्रण. तत्त्वे चौदा मांडली : कार्यविभागणी, अधिकार व जबाबदारी, शिस्त, आदेशाची एकता, दिशेची एकता, सामूहिक हितास प्राधान्य, योग्य मोबदला, केंद्रीकरण, अधिकारश्रेणी, सुव्यवस्था, समन्याय, सेवास्थैर्य, पुढाकार आणि संघभावना. या सर्वांचे विवरण येथे करीत नाही. आपल्यासारख्या संस्थांना ज्यांची नड आहे, अशा तिहींविषयीच बोलतो.

पहिले तत्त्व अधिकार आणि जबाबदारी यांच्या जोडीचे. ज्याच्यावर जबाबदारी टाकायची त्याला ती पार पाडण्यापुरता अधिकार दिला पाहिजे, आणि ज्याला अधिकार दिला त्याला जाब विचारता आला पाहिजे. आमच्या ग्रंथपालांवर पुस्तकांची जबाबदारी होती, पण कपाट हलवण्याचा अधिकार नव्हता. समित्यांना अधिकार होता, पण पुस्तके गेल्याचा जाब त्यांतील कोणा एकाला विचारता येत नव्हता.

दुसरे तत्त्व आदेशाच्या एकतेचे. एका माणसाला एका कामाविषयी एकाच वरिष्ठाकडून आज्ञा मिळावी. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. शाळेच्या लेखनिकाला मुख्याध्यापक एक सांगतात, विश्वस्त दुसरे सांगतात आणि पर्यवेक्षक तिसरे. मग तो कोणाचेच करीत नाही आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

तिसरे तत्त्व अधिकारश्रेणीचे. निरोप पायरीपायरीने वर जावा आणि पायरीपायरीने खाली यावा, हा सामान्य नियम. परंतु फायोल यांनी त्यातच एक पळवाट, खरे तर एक पूल, ठेवला आहे. दोन विभागांतील समान पायरीवरच्या माणसांनी आपापल्या वरिष्ठांच्या संमतीने परस्पर बोलून तातडीचे काम उरकावे आणि वरिष्ठांना कळवावे. हा पूल पुस्तकात वाचून मला उमगला नव्हता. अभ्यासकेंद्रात रविवारच्या मार्गदर्शन वर्गाला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक तरुण पर्यवेक्षक येत असे. तो म्हणाला, "काका, रात्रपाळीत पट्टा तुटला तर मी साहेबांना झोपेतून उठवत नाही. भांडारवाल्याकडून नवा घेतो, वहीत नोंद करतो, सकाळी साहेबांना सांगतो. पण तसं करायची मुभा त्यांनी आधीच दिलेली आहे." त्या तरुणाने मला जे दोन मिनिटांत समजावले, ते घरात एकट्याने वाचून समजले नसते.

तत्त्वांची मर्यादा

ही तत्त्वे वेदवाक्ये नव्हेत. फायोल यांनी स्वतःच ती लवचीक असल्याचे बजावले आहे. १९४६ साली हर्बर्ट सायमन या विचारवंतांनी त्यांच्यासारख्या तत्त्वांवर कठोर टीका केली. ती म्हणींसारखी आहेत, प्रत्येकीला छेद देणारी दुसरी सापडतेच, असा त्यांचा आक्षेप होता. भाषेच्या अभ्यासकाला तो चटकन पटतो. आपल्या इतिहासातही पाहा. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे बरोबरीच्या मानाचे अधिकारी असत, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. वरवर पाहता तेथे आदेशाची एकता नाही. परंतु कोणी एक फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये, हा हेतू तेथे वरचढ होता, आणि प्रत्येकाचे काम वाटून दिलेले होते. आमच्या तीन समित्यांपाशी असा हेतूही नव्हता आणि वाटणीही नव्हती. तात्पर्य, तत्त्व पाठ करण्यापूर्वी हेतू विचारावा.

दूरशिक्षणाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. तेथे घंटा वाजत नाही, हजेरी लागत नाही. माझ्याबरोबर नाव नोंदवलेल्यांपैकी कित्येक जण दुसऱ्या सत्रात दिसले नाहीत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. वेळेचे नियोजन कोलमडले होते. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा ही, की त्याने आधी स्वतःचा आठवडा चालवून दाखवावा. मी पहाटेचा एक तास राखला आणि घरच्यांना सांगून ठेवले, की त्या तासाला मी घरात नाही असे समजावे. २०१७ साली 'स्वयम्' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि २०२० च्या महासाथीनंतर दूरस्थ शिक्षण घरोघरी पोहोचले. साधने बदलली, तो पहाटेचा तास मात्र प्रत्येकाला स्वतःच काढावा लागतो.

शाळेसाठी

फायोल यांच्या प्रबंधात एक आग्रह आहे, जो फारसा उद्धृत होत नाही. व्यवस्थापनाचे शिक्षण केवळ अधिकाऱ्यांसाठी नसावे. त्याची प्राथमिक ओळख शाळेतच व्हावी आणि पुढे ती वाढवत न्यावी. सहलीचा जमाखर्च, वर्गाचे ग्रंथालय, स्नेहसंमेलनाची सिद्धता ही मुलांच्या हाती सोपवावी आणि चुकांसकट त्यांचीच राहू द्यावी. येथूनच आरंभ करता येईल.

परंतु मोठ्यांचे काय? आपल्या शाळेच्या मराठी माध्यमाच्या वर्गांतील पट वर्षानुवर्षे घटतो आहे. माजी विद्यार्थ्यांच्या सभेत दर वर्षी 'आपण सर्वांनी काहीतरी केले पाहिजे' असे ठरते. मित्रहो, 'आपण सर्वांनी' या दोन शब्दांची मला आता धास्ती वाटते. ते कपाटही आम्हां सर्वांचेच होते. पालकांच्या भेटी कोण घेणार, कोणत्या महिन्यात, किती खर्च कोणाच्या सहीने, आणि ती व्यक्ती गावी नसेल तर तिच्या जागी कोण, ही चार उत्तरे कागदावर आल्याशिवाय या वर्षीची सभा संपवू नये, एवढीच माझी विनंती आहे.

शेवटी सरांची एक आठवण. मे महिन्याच्या सुट्टीत सर आमच्याकडून टपालाने निबंध मागवत आणि तपासून पोस्टकार्डावर अभिप्राय कळवत. दूरशिक्षण हा शब्दही तेव्हा आमच्या कानांवर आला नव्हता. त्या कार्डांवर कौतुक क्वचितच असे. पण प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असे : पुढचा निबंध अमुक तारखेपर्यंत. त्या तारखेला निबंध पोहोचला नाही, तर दुसऱ्या दिवशी सरांचे दुसरे कार्ड निघत असे. नियोजन, आज्ञापन आणि नियंत्रण ही तिन्ही कार्ये त्या एका ओळीत होती, हे समजायला मला पन्नास वर्षे आणि एक अभ्यासक्रम लागला.

त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.