गालातलं अस्तर, लघवीची वाट

लघवीची धार बारीक झाली की माणूस ते आधी वयावर ढकलतो, मग प्रोस्टेटवर. पण साताऱ्याजवळ महामार्गावर दुचाकी घसरून कटीचं हाड मोडलेल्या पंचविशीतल्या पोराच्या प्रोस्टेटचा यात काय दोष? हाड मोडताना त्याचा मूत्रमार्ग तुटलेला असतो आणि भरून येताना तिथे टणक वण धरतो. कुणाला असा वण जुन्या संसर्गाने येतो, कुणाला कॅथेटर घातल्याने.

सोपा इलाज म्हणजे दुर्बिणीतून वण कापणं. आखूड अडथळ्याला तो एकदा करून बघायला हरकत नाही. मात्र पुन्हा पुन्हा कापत राहिलं तर वणावर वण चढतो आणि यशाची शक्यता घटत जाते. वर्षानुवर्षं ‘नळी मोठी करून’ घेणारे रुग्ण पाहिले की वाटतं, हा फार महागात पडणारा स्वस्त उपाय आहे.

अपघातातल्या तुटीत वण काढून दोन्ही टोकं जोडता येतात. लांबलचक अडथळ्यात टोकं पोहोचत नाहीत. तिथे ठिगळ लागतं आणि ते मिळतं तोंडात. गालाचं आतलं अस्तर ओलाव्याला सरावलेलं, बिनकेसाचं, चिवट असतं. पहिले दोन दिवस ते आसपासच्या द्रवावर तगतं, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात.

इथे पुण्याचं नाव जगभर घेतलं जातं. डॉ. संजय कुलकर्णी यांनी इटलीच्या बार्बाग्ली यांच्यासह २००९मध्ये एक पद्धत मांडली: मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवायचा, दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि नसांना हात लावायचा नाही. लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाने अख्खा मार्ग आक्रसलेल्या रुग्णांना ती विशेष उपयोगी. तिथे जननेंद्रियाची त्वचाच रोगट, म्हणून तिचं ठिगळ चालत नाही.

  ठिगळाचं ऑपरेशन कुठेही होवो, सर्जन आधी रुग्णाला ‘आ’ करायला लावतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी गाल आखडून तोंडात दोन बोटंही न जाणारे रुग्ण येतातच. तसं अस्तर ठिगळाला निरुपयोगी. मग जिभेच्या खालच्या बाजूचं घ्यावं लागतं, तेही चांगलं उरलं असेल तर.