वर्गाला कोचकडून काय घेता येईल?

पदवीनंतर आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणी बी.एड.ला जाणार आहेत. मीही त्यातलीच. "मराठी घेऊन पुढे काय?" या प्रश्नाचं नातेवाइकांना पटणारं एवढं एकच उत्तर आमच्याकडे असतं. त्यामुळे चांगला शिक्षक नेमकं काय करतो, हा प्रश्न आमच्यासाठी नुसता चर्चेचा नाही. दोन-तीन वर्षांत आमच्यासमोर खरीखुरी मुलं बाकांवर बसलेली असतील.

शिक्षकांनी खेळातल्या कोचकडून शिकावं, असं हल्ली पुष्कळ ऐकू येतं. स्नेहसंमेलनाला पाहुणे येतात आणि जिद्द, संघभावना, नेतृत्व यांवर बोलतात. शाळेच्या जिन्यात धावपटूचं चित्र असतं, खाली एखादं जोशपूर्ण वाक्य. पण कोच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सिनेमातला कोच. 'चक दे! इंडिया' (2007) मधलं अंतिम सामन्याआधीचं सत्तर मिनिटांचं भाषण कोणाला आठवत नाही? मग आपल्याला वाटतं, की कोचचं नेतृत्व म्हणजे असं भाषण. पोरांच्या अंगात वारं भरलं की झालं.

खरा मोठा कोच रोज मैदानावर काय करतो, हे मात्र आपण बघत नाही. एकदा ते दोघांनी बसून चक्क मोजलं. त्या मोजणीची गोष्ट शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी, असं मला वाटतं.

पन्नास टक्के सूचना

जॉन वुडन हे अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच. 1948 ते 1975 अशी सत्तावीस वर्षं ते तिथं होते. 1964 ते 1975 या बारा वर्षांत त्यांच्या संघाने तिथली राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा दहा वेळा जिंकली, त्यातली सात वर्षं ओळीने. मध्ये एकदा सलग 88 सामने संघ हरलाच नाही.

1974-75 च्या त्यांच्या शेवटच्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांचा सराव बघायला गेले. दोघंही त्या काळात हवाईमधल्या मूळ हवाईयन मुलांना वाचायला कसं शिकवावं, या प्रकल्पावर काम करत होते. त्यांना शिक्षकांसाठी उत्तम नमुना हवा होता, म्हणून ते सर्वांत यशस्वी शिक्षकाच्या शोधात निघाले आणि बास्केटबॉलच्या कोर्टवर पोचले. पंधरा सरावसत्रं त्यांनी बाजूला बसून पाहिली आणि वुडन यांचं प्रत्येक बोलणं, प्रत्येक कृती नोंदवली. एकूण 2326 नोंदी झाल्या.

त्यांना भाषणं अपेक्षित होती. ती नव्हतीच. निम्म्याहून किंचित जास्त नोंदी, 50.3 टक्के, या साध्या सूचना होत्या: काय करायचं आणि ते कसं करायचं. वेग वाढवा, जोर लावा, असा तगादा 12.7 टक्के. शाबासकी 6.9 टक्के. रागावणं 6.6 टक्के. आणि 8 टक्के असा एक प्रकार, ज्याला त्या दोघांनी वेगळा कप्पाच केला: रागावणं आणि लगेच त्याच दमात बरोबर कसं करायचं ते पुन्हा सांगणं. सगळ्या नोंदींपैकी जवळपास तीन चतुर्थांशांमध्ये खेळाडूच्या हाती लागेल अशी काहीतरी माहिती होती.

वुडन यांची सवय अशी की खेळाडू चुकला की खेळ थांबवायचा, बरोबर हालचाल करून दाखवायची, मग त्याने केलेली चुकीची, मग पुन्हा बरोबर. बरोबर, चूक, बरोबर. सगळं काही सेकंदांत, आणि खेळ पुन्हा सुरू.

या आकड्यांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की कौतुक आणि राग दोन्ही थोडे होते. आपण शिक्षकांची विभागणी याच दोन टोकांवर करतो. प्रेमळ बाई आणि कडक बाई. वुडन यांचा बहुतेक वेळ या दोन्हींच्या मधल्या जागेत जात होता. तिथं फक्त काम असतं.

"सुधारणा हवी"

आता आपली प्रगतिपुस्तकं आणि वह्या आठवून बघा. "प्रगती समाधानकारक." "अक्षर सुधारा." "अभ्यासात लक्ष द्यावे." "सुधारणा हवी." हे शेरे वाचून मुलाने उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं?

फुटबॉलच्या कोचने पोराला "किकमध्ये सुधारणा हवी" एवढंच सांगितलं तर पोरगं त्याच्या तोंडाकडे बघत राहील. कोचला सांगावंच लागतं: टेकलेला पाय बॉलच्या शेजारी ठेव, मागे राहतोय. शेरा आणि सूचना यातला हा फरक आहे. शेरा मुलाबद्दल बोलतो, सूचना पुढच्या कृतीबद्दल.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघी-चौघी चर्चच्या हॉलमध्ये आठवी-नववीच्या मुलांचा अभ्यास घेतो. बेळगावात घरी कोंकणी किंवा कन्नड, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी अशी कसरत करणारी ही मुलं. त्यातला एक जण प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आर्शीवाद' लिहायचा. वहीत त्या शब्दाखाली लाल रेघा होत्या, 'शुद्धलेखन सुधारा' हेही होतं, पण शब्द तसाच. त्याच्यावर वुडन यांची पद्धत वापरून पाहिली. फळ्यावर 'आशीर्वाद' लिहिलं आणि मोठ्याने तोडून म्हटलं: आ-शी-र्-वाद. र कशाच्या आधी ऐकू येतो? 'वा'च्या. मग रफार 'वा'वरच बसणार. त्याखाली त्याचा 'आर्शीवाद' लिहून तोही तसाच म्हणायला लावला: आ-र्-शी-वाद. त्याला हसू आलं. मग पुन्हा 'आशीर्वाद'. दोन मिनिटंही लागली नाहीत. पुढच्या शनिवारी त्याने आपणहून विचारलं, "ताई, मग 'तीर्थ'मध्ये पण तसंच ना?"

कोचच्या नेतृत्वातलं वर्गात आणण्यासारखं सगळ्यात आधीचं काही असेल तर ते हे. मुलाला 'तू करू शकतोस' म्हणण्याआधी ते कसं करायचं हे दाखवणं.

मोज्यापासून सुरुवात

वुडन यांची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. देशभरातून निवडून आलेली साडेसहा-सात फुटी पोरं, आणि कोच सांगतायत की टाचेपाशी आणि बोटांपाशी चुणी राहू देऊ नका. कारण साधं आहे: चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो.

आपल्याकडे शाळेत शिस्त म्हणजे रांग, गणवेश, नखं. पण त्यामागचं कारण क्वचितच सांगितलं जातं. मोज्याच्या धड्यात शिस्त आणि कारण एकत्र येतात. वहीत समास का सोडायचा? कारण तिथं तुझ्यासाठी सूचना लिहायला जागा लागते. हे कळलेल्या मुलाला समास जाच वाटत नाही.

शिवाय या मोज्यामागे तयारी होती. दोन तासांच्या सरावासाठी वुडन आणि त्यांचे सहायक सकाळी जवळपास तेवढाच वेळ आखणीला द्यायचे. कुठल्या मिनिटाला काय, हे छोट्या कार्डावर लिहिलेलं असायचं. सराव सहज दिसायचा, तो या कार्डामुळे. आमच्या भावी पाठ टाचणांकडे आम्ही आधीच कंटाळून बघतोय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

शाबासकी कोणाला?

इथं आपल्या मातीतलं उदाहरण आठवतं. मुंबईच्या शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर सर. सचिन तेंडुलकरला ते स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे. सरावाच्या शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे: जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचं नाणं, कोणीच करू शकलं नाही तर ते सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली. 2013 मध्ये निवृत्तीच्या भाषणात त्याने सांगितलं, की सरांनी आपल्याला कधीच 'छान खेळलास' म्हटलं नाही, मुलगा हवेत जाईल म्हणून.

आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि तिचा अर्थ 'कौतुक करू नये' असा लावला जातो. मला तो अर्धा वाटतो. ते नाणं काय होतं? थकलेल्या शेवटच्या अर्ध्या तासात तू टिकलास, याची ती रोख पावती होती. आणि ज्या मुलाचं नाव शाळेत असतानाच वर्तमानपत्रात येत होतं, त्याला शाबासकीची वाण नव्हती.

वुडन यांनी हे पुढे उलगडून सांगितलं. मुख्य खेळाडूंचं कौतुक प्रेक्षक करतातच, म्हणून आपली शाबासकी ते राखीव बाकावरच्या, सामन्यात फारसं न खेळणाऱ्या मुलांसाठी जास्त वापरत. बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बघून त्याला दाद द्यायची, हाही त्यांचा नियम होता.

शाळेची संस्कृती इथंच ठरते. आपल्या बक्षीस समारंभात तीच चार नावं पुन्हापुन्हा पुकारली जातात. ज्या मुलीने आपल्या वह्या आजारी मैत्रिणीला दिल्या, तिला व्यासपीठ नाही. पास देणाऱ्याला दाद द्यायचा नियम वर्गात आणायला पैसे लागत नाहीत. "हे गणित तुला कोणी समजावलं?" एवढं विचारलं तरी पुरतं.

मैदानावरून काय आणू नये

सगळंच आणण्यासारखं नाही. कोच आपला संघ निवडतो. शिक्षक निवडत नाही आणि निवडूही नये. जो येईल तो त्याचा. कोच न जमणाऱ्याला बाकावर बसवू शकतो, वर्गात मात्र सगळे एकाच वेळी खेळत असतात. मैदानावरच्या कोचचा किंवा तालमीतल्या वस्तादाचा हात पूर्वी सहज उठायचा, आणि ते आठवून लोक आजही कौतुकाने बोलतात. शाळेत त्याला जागा नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. 2326 नोंदी बघितल्या तर त्या कायद्यामुळे कोचिंगमधलं मोलाचं असं काही आपण गमावत नाही.

आणखी एक फरक मात्र आपण भरून काढू शकतो. मैदानावर सराव कोचच्या डोळ्यांसमोर होतो. शाळेत शिक्षक शिकवतात आणि सराव घरी होतो. चूक घडते मंगळवारी रात्री, कळते पुढच्या आठवड्यात, तोवर ती हाताला बसलेली असते. म्हणून निबंधाचा एक परिच्छेद तरी वर्गातच लिहायला द्यावा आणि शिक्षकाने बाकांमधून फिरावं. एकाला एकच सूचना, आणि पुढे. पन्नास मुलांच्या वर्गात रोज सगळ्यांपर्यंत पोचता येणार नाही, पण रोज दहा जणांपर्यंत पोचलं तरी आठवड्यात सगळे होतात.

धडा मुळात कुठला?

शेवटी एक गोष्ट, जी साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवडेल. वुडन मुळात इंग्रजीचे शिक्षक. तरुणपणी ते इंडियाना राज्यातल्या एका हायस्कूलमध्ये कविता आणि व्याकरण शिकवत होते. तिथं त्यांना पालकांची एक गोष्ट खटकायची. शेजाऱ्याच्या मुलाला मध्यम श्रेणी मिळाली तर चालते, पण आपल्या मुलाला मिळाली की मूल तरी नापास ठरतं, नाहीतर शिक्षक. म्हणून 1934 मध्ये त्यांनी स्वतःपुरती यशाची व्याख्या केली: स्वतःला जेवढं चांगलं होता येईल तेवढं होण्यासाठी आपण पूर्ण कष्ट घेतले, हे आतून ठाऊक असण्याचं समाधान. पुढे दहा विजेतेपदं मिळवणाऱ्या संघाला त्यांनी हेच शिकवलं.

म्हणजे खेळाच्या मैदानावरून वर्गाकडे येणारा हा धडा मुळात वर्गातूनच मैदानावर गेला होता. एका भाषाशिक्षकाने निकालपत्रकाला कंटाळून तो तयार केला. आपल्याकडे मार्चचा निकाल आणि शेजाऱ्यांची तुलना आजही तशीच आहे. पुढच्या वर्षी पाठ टाचण लिहायला बसू तेव्हा समासात आपल्यासाठीच एक प्रश्न लिहून ठेवूया: आज मी किती जणांना शेरा दिला आणि किती जणांना सूचना?