खतावणीचे शेवटचे पान

वहीपूजनाच्या दिवशी व्यापारी घरांत सरत्या वर्षाची खतावणी मिटते आणि नवी उघडते. देणे-घेणे पैशापैशाने जुळवून पाहण्याची ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र ज्या हातांनी चाळीस-पन्नास वर्षे ही खतावणी लिहिली, त्या हातांमागे काय कोणाकडे जावे, याची नोंद बहुधा कोणत्याच वहीत सापडत नाही. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर ते कोरे पान सर्वांच्या लक्षात येते.

कल्याण–कसारा लोहमार्गावर, मुंबई–नाशिक महामार्गाच्या आधाराने वाढलेल्या खर्डीसारख्या गावातील एक व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. बाजारात दुकान, गावाबाहेर थोडी शेतजमीन, मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत घेतलेली सदनिका, बँकेत मुदत ठेवी आणि काही समभाग. सारे वडिलांच्या नावावर. वडील मृत्युपत्र न करता निवर्तले. मागे त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि विवाहित मुलगी. पूर्वी अशा वेळी पहिली फेरी शहापूरच्या कचेरीत आणि दुसरी वकिलाकडे होत असे. आज पहिला प्रश्न मोबाइलला विचारला जातो. या साधनांनी पुष्कळ सोय केली आहे. पण ती कोठवर नेतात आणि कोठे थांबतात, हे जाणून घेतले नाही, तर सोयीचीच अडचण होते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. जैन धर्म स्वतंत्र असला, तरी वारसाहक्कापुरता हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. मालमत्ता वडिलांची स्वकष्टार्जित असेल, तर वरील कुटुंबात पत्नी, दोन्ही मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळतो. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. वडिलांची आई हयात असेल, तर तीही समान वाटेकरी ठरते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे.

जमिनीच्या बाबतीत घरबसल्या बरेच काही होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीतून करता येतो आणि फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’वर पाहता येते. वर्षानुवर्षे मृत व्यक्तींच्याच नावावर राहिलेले सातबारे वारसांच्या नावे करण्यासाठी महसूल विभागाने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवली. अशी मोहीम घ्यावी लागली, यावरूनच हे काम किती घरांत लांबणीवर पडते ते ध्यानात यावे. तथापि वारस नोंद ही महसुली दप्तरातील नोंद आहे. मालकीचा वाद उद्भवला, तर निर्णय दिवाणी न्यायालयाचाच. वडिलांच्या विसरलेल्या ठेवींचा माग काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्‌गम’ संकेतस्थळ ऑगस्ट २०२३ पासून उपलब्ध आहे. अनेक बँकांतील दावा न केलेल्या ठेवी तेथे एकाच ठिकाणी शोधता येतात. रक्कम मात्र संबंधित बँकेकडेच मागावी लागते.

व्यापारी घरांत सर्वांत मोठा गैरसमज नामनिर्देशनाविषयी आढळतो. ‘नॉमिनी लावला आहे, आता चिंता नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे २०१३ मध्ये निधन झाले. त्यांच्या पश्चात समभाग व म्युच्युअल फंडांतील गुंतवणुकीवर नॉमिनीचा हक्क की वारसांचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये: नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ रक्कम स्वीकारणारी, मालकी मृत्युपत्राप्रमाणे अथवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. म्हणून नॉमिनी अवश्य नेमावा, पण त्याला मृत्युपत्राचा पर्याय समजू नये.

मृत्युपत्राचे तयार नमुने आज मोबाइलवर सहज मिळतात. माहिती भरली की सुबक मसुदा तयार होतो. पण तेवढ्याने मृत्युपत्र होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक दस्तांना जी मान्यता दिली, तिच्यातून मृत्युपत्र मुद्दाम वगळले आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २००१ सालीच इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्र मान्य केले. आपल्याकडे ते चालत नाही. मसुदा छापून करणाऱ्याने स्वतः सही अथवा अंगठा करावा, आणि ती सही पाहिलेल्या किंवा तिची कबुली ऐकलेल्या किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष साक्ष घालावी, हे भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ६३ सांगते. मुद्रांक कागदाची गरज नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. पण दुय्यम निबंधकाकडे ती करून घेतल्यास पुढे संशयाला जागा कमी राहते. साक्षीदार शक्यतो वयाने लहान व मालमत्तेत हितसंबंध नसलेले असावेत, आणि करणारा वृद्ध असेल, तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, हा आणखी एक गोंधळाचा विषय. खर्डीतील मालमत्तेपुरत्या, खर्डीतच केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती पूर्वीही नव्हती; मुंबई शहरातील सदनिकेसाठी मात्र ती दीर्घकाळ होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने सक्तीचे हे कलम २१३ वगळले. तरीही जुना मजकूर अनेक ठिकाणी तसाच वाचायला मिळतो. म्हणून कोणतीही कायदेविषयक माहिती वाचताना ती केव्हाची आहे, हे आधी पाहावे. मृत्युपत्राविषयी वाद संभवत असेल, तर सक्ती नसतानाही प्रोबेट घेणे हिताचे ठरते.

आता सर्वांत नाजूक बाजू. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलांना अथवा नातवंडांना बक्षीसपत्राने देण्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, अधिभार वेगळे. त्यामुळे ‘आईच्या हिश्शाचे बक्षीसपत्र आत्ताच करून टाकू’ असा सल्ला सहज पुढे येतो. शुल्काची बचत दिसते; पण मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, तर पूर्ण झालेले बक्षीसपत्र सहसा मागे फिरत नाही. आई ज्या छपराखाली राहते, ते छप्परच तिच्या नावावरून निघून जाते.

यावर उपाय आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणून ही अट बक्षीसपत्रातच शब्दशः लिहावी. तयार नमुन्यांत ती असतेच असे नाही. याच कायद्याखाली चरितार्थासाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंतची रक्कम न्यायाधिकरण ठरवू शकते, आणि अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अपेक्षित असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि विधी सेवेसाठी १५१०० हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक आहेत. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, हेही घरातील मातांना ठाऊक असावे.

एकत्र कुटुंबाची मालमत्ता, भागीदारीची पेढी, अज्ञान वारस किंवा भावंडांतील मतभेद असतील, तेथे मोबाइल बाजूला ठेवून जाणत्या वकिलाकडे जावे. उतारे, अर्ज, नमुने, पत्ते पडद्यावर मिळतील. आईला शेवटपर्यंत कोणत्या घरात राहायचे आहे, बहिणीचा वाटा तिला सन्मानाने द्यायचा की तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही मागायची, हे प्रश्न घरातच, कर्ता माणूस हयात असताना, सर्वांना समोर बसवून विचारावे लागतात. येत्या वहीपूजनाला नवी खतावणी उघडण्यापूर्वी त्या एका कोऱ्या पानावरही चार ओळी लिहिल्या जाव्यात, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात.